उद्या पाठवू नका

"उद्या तिला शाळेत पाठवू नका," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या.

दारात उभी असलेली मुलीची आई नुकतीच शिवणाच्या कारखान्यातून परतली होती. तिच्या केसांत दोऱ्याचे तुकडे अडकले होते. तिनं आत बोलावलं, पण बाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"का हो बाई? उद्या तर मोठी परीक्षा ना? पोरीनं सकाळपासून पेन्सिलींना टोकं काढून ठेवलीत."

"परीक्षा आहे म्हणूनच. ताप आलाय म्हणून सांगा."

आईला समजायला जरा वेळ लागला. "नापास होईल म्हणता?"

"तसं नाही," बाई म्हणाल्या. पण ते तसंच होतं.

परीक्षेला बसलेल्या मुलांच्या गुणांची सरासरी काढायची आणि त्यावरून शाळेला श्रेणी द्यायची, असा शिक्षण कार्यालयाचा हिशेब होता. बाईंच्या शाळेला ओळीनं सगळ्यांत खालचा 'ड' मिळत आला होता. आणखी एक 'ड' आला की शाळा बंद होणार, शिक्षक चार दिशांना जाणार आणि मुलं हमरस्त्यापलीकडच्या शाळेत. त्या रस्त्यावर ट्रक कुणासाठी वेग कमी करत नसत. आसपासच्या शाळा कच्च्या मुलांना परीक्षेच्या दिवशी सरळ घरी बसवत. सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि सगळे मूग गिळून गप्प होते. बाईंनी इतकी वर्षं ते केलं नव्हतं. यंदा मात्र त्या घरोघर फिरल्या होत्या आणि हे शेवटचं घर होतं.

"शाळाच बंद झाली तर हिला त्या रस्त्यापलीकडं एकटीला पाठवाल?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं, बाई," आई म्हणाली. ती भांडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

पोरीला सगळी शाळा भिंगरी म्हणायची, कारण ती एका जागी टिकत नसे. गेल्या वर्षी तिला जोडाक्षर दिसलं की रडू यायचं. तिला आणि तिच्यासारख्या मुलांना गणिताचे सर वर्षभर शाळा सुटल्यावर घेऊन बसले होते. गणित राहिलं बाजूला, त्यांनी वाचायलाच शिकवलं.

बाई शाळेत परतल्या तेव्हा सर बाकांवर बैठक क्रमांक चिकटवत होते.

"झाली सगळी घरं?"

"झाली. तुम्ही काही बोलू नका."

"मी कशाला बोलू? वर्षभर पोरांपुढं घसा फोडला, आता बोलायला घसा तरी कुठं उरलाय?" सरांनी आणखी एक चिठ्ठी चिकटवली. "वाचतात हो ती आता."

"पास होतील?"

सरांनी चिठ्ठीची कड अंगठ्यानं दाबली. मग म्हणाले, "पास नाही व्हायची. पण कुठून कुठवर आलीत, ते कुणी बघेल की नाही?"

"कार्यालयात जाऊन तेच सांगून मी थकले. भिंतीशी बोलल्यासारखं आहे. तिथं आकडा बघतात, पोर नाही."

"मग आपली नावं आहेतच पत्रकात."

कार्यालय दर महिन्याला कर्मचाऱ्यांच्या बातम्यांचं पत्रक काढायचं. कुणाचं लग्न, कुणाची निवृत्ती, कुणाची बदली. बदल्यांच्या रकान्याला सर शोकसभा म्हणायचे. एरवी बाई त्यावर हसायच्या. आज त्यांना हसू आलं नाही.

सकाळी फाटकाशी भिंगरी उभी होती. वेण्या घट्ट बांधलेल्या, हातात पेन्सिली.

"आई म्हणते मला ताप आहे. पण नाहीये."

बाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ थंडगार होतं.

"आहे गं थोडा. घरी जा."

"बाई, मला आता येतं."

"माहितीये मला. जा बाळा."

ती गेली. कधी नाही ते सावकाश चालत गेली. बाईंनी खोलीत जाऊन दार लावलं आणि पोटभर रडून घेतलं. मग तोंड धुऊन त्या प्रश्नपत्रिका वाटायला वर्गात गेल्या.

निकालाच्या वेळी शिक्षण कार्यालयाचे साहेब स्वतः आले. श्रेणी सांगायला ते सहसा शाळेत येत नसत. चहा आला. सर काहीतरी निमित्त काढून दाराशी रेंगाळले.

"तुमची सरासरी कधी नव्हे इतकी वर गेलीय," साहेब म्हणाले.

बाईंचा जीव भांड्यात पडला. दाराशी सरांनी डोळे मिटून मान हलवली.

"म्हणजे शाळा राहिली?"

साहेबांनी चहाला हात लावला नाही. "काही मुलं परीक्षेला नव्हती."

"तापाची साथ होती."

"सगळी कच्चीच मुलं कशी आजारी पडली?"

"ताप काय गुण बघून येतो, साहेब?"

साहेबांनी कप बाजूला सारला. "यंदा सरासरी धरलीच नाही, बाई. नियम बदलला. आधी जाहीर केला असता तर शाळांनी त्यातूनही पळवाट काढली असती, म्हणून परीक्षा होईपर्यंत गुपचूप ठेवला. गेल्या वर्षी सगळ्यांत मागं असलेली मुलं यंदा किती पुढं आली, एवढंच मोजलं. तुमच्याकडं त्यातलं एकही मूल हजर नव्हतं. शून्य लावावं लागलं. पुन्हा 'ड'."

सर दारातून आत आले.

बाईंनी विचारलं, "असा नियम कुणी काढला?"

साहेबांनी चष्मा काढून हातात धरला.

"गेल्या वर्षी भर बैठकीत तुम्ही माझ्याशी भांडलात, तेव्हापासून मी वरच्यांच्या मागं लागलो होतो. हा नियम तुमचाच आहे, बाई."