गव्हाणीतली धामण

बऱ्हाणपूर शिंद्यांकडून इंग्रजांकडे गेलं होतं. जसोंडीतल्या गिरधरच्या कणगीत बियाण्याची नुसती फोलकटं उरली होती. शेजारी दगाच्या गोठ्यात वाशाला सापाची कात लोंबत होती. भरदुपारी गव्हाणीत धामण दिसली तशी दगाने काठी उचलली. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही गावाची खात्री, आणि त्याच्या गाईचं दूध आटत चाललं होतं. त्याची माय धुरपदाबाई मधे उभी राहिली. “गिरधरने मारली ना त्याच्या गोठ्यातली? मग उंदरांनी ठेवलं का बियाणं?” “सरक माय, मी मांजर आणतो.” “मांजर बिळात शिरते का रे, शहाण्या? मृगात पेरशील काय, मिशा?” दगा ओशाळं हसला. तेवढ्यात धामण भिंतीतल्या बिळात शिरली आणि आतून उंदराचं चिरकणं ऐकू आलं. दगाने काठी कोपऱ्यात टेकवली. गाय पाच महिन्यांची गाभण होती; दूध आटणारच होतं.