अर्ध्या कापलेल्या पट्ट्या

सुटीला घरी आलेल्या भक्तीच्या बॅगेत कस्तुराबाईंना गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या. पट्टीवर पोट आलेल्या बाईचं चित्र होतं आणि त्यावर लाल फुली. त्यांनी लेकीला आतल्या खोलीत ओढलं.

"खरं सांग, कुणाचं हाय?"

भक्तीला आधी कळलंच नाही, मग हसू फुटलं. "आई, पिंपल्सच्या गोळ्या हाईत त्या. परभणीच्या डॉक्टरनं दिल्यात. दिवस गेलेल्या बाईनं घेतल्या तर लेकरू अधू व्हतं, म्हणून ते चित्र."

कस्तुराबाईंनी पट्ट्या तिच्या हातात दिल्या. "जीवच गेल्ता माजा. आन् माय, त्या वर फळीवर ठेव. वहिनीच्या हाताला लागू देऊ नको, तिला तिसरा महिना हाय."

"वहिनीला? मला कुणी सांगितलं न्हाई ते!"

"तिसरा सरेस्तोवर कुणालाच सांगायचं नसतं. नजर लागती. तिला बी मीच बजावलंय, कुणी इचारलं तरी न्हाई म्हण."

भक्तीनं हातातल्या अर्ध्या कापलेल्या पट्टीकडं पाहिलं. "दिवस गेलेत का म्हणून मी इचारलं व्हतं, आई. ती न्हाई म्हणली. दीड महिना झाला, दर सुटीला आले की पट्टी कापून मी अर्धी तिला देतीय, तिच्या बी पिंपल्ससाठी."

तेवढ्यात चहा घेऊन सून दारात आली. तिचे गाल नितळ झाले होते. पोटुशीचं तेज चढलंय म्हणून कस्तुराबाई रोज संध्याकाळी त्याच गालांवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकत होत्या.