चिसेआजींच्या अंगणातलं अस्वल

"अस्वल नक्की इथूनच गेलं?" नागुमोनं विचारलं.

"मग काय माझ्या अंगावरून जायला हवं होतं?" चिसेआजी म्हणाल्या. "हे बघ ओरखडे."

अंगणातल्या पर्सिमनच्या फळझाडाच्या खोडावर ओरखडे होते खरे. नागुमोनं फोटो काढला. नगरकचेरीत अस्वलांचं काम त्याच्याकडे होतं आणि या पंधरवड्यातलं हे चौथं घर. चारही घरांत एकेकटी म्हातारी. कुणाला साधं खरचटलंही नव्हतं, पण रोज अंथरुणावर पडलं की त्याला पुढच्या घराची काळजी लागायची.

झाड फळांनी लगडलं होतं. नियम कडक होता. अस्वल आलं त्या अंगणातली फळं दिवस मावळायच्या आत उतरवायची, नाही जमलं तर झाड तोडायचं. पिकलेल्या फळांच्या वासानं ते पुन्हा येतं आणि दुसऱ्या खेपेला अंगणातच थांबेल असं नाही. करवत गाडीत होतीच.

"आजी, झाड केवढं मोठं! आम्ही तिघेच."

"ह्यांनी लावलंय ते, आमच्या लग्नाच्या साली. करवतीला हात लावलास तर तुझ्या आईला सांगेन."

"आईला कशाला मध्ये आणता?"

"ती सरसर शिडी चढायची. तुम्हा कचेरीतल्या पोरांना खुर्चीवरून उठताना धाप लागते."

बरोबरचे दोघे खो खो हसले. शिड्या लागल्या.

तीन वाजले तरी निम्मं झाड बाकी. या खोऱ्यात ऊन डोंगराआड लवकर जातं. नागुमो एकदा सूर्याकडे बघे, एकदा गाडीकडे. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईसमोर तिच्या नवऱ्याचं झाड पाडायचं, या विचारानंच त्याचे हात भराभर चालू लागले. वरच्या फांद्या त्यानं स्वतः घेतल्या, बाही फाडून घेतली, गुडघा सोलून घेतला.

"शेंड्यावरचं एक राहू दे. पाखरांचं असतं ते," आजी खालून ओरडल्या.

"नियमात बसत नाही, आजी."

"एका फळासाठी कुठलं अस्वल एवढा डोंगर उतरतंय?"

हे त्याला पटलं. एक फळ राहिलं, बाकी झाड रिकामं झालं आणि ऊन अजून कौलांवर होतं.

नागुमो ओसरीवर टेकला तेव्हा त्याला सकाळपासून पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. झाड वाचलं. आजी वाचल्या. आज झोप लागेल. गरम चहा आला, मुळ्याचं लोणचं आलं. फळं तुरट जातीची, सोलून वाळवल्याशिवाय गोड होत नाहीत, म्हणून आजी सोलायलाही बसल्या होत्या. सोललेल्या फळांच्या दोऱ्या वळचणीला हारीनं टांगल्या जात होत्या.

आत फोन वाजला.

"घे रे जरा. माझे हात चिकट झालेत."

नागुमोनं फोन कानाला लावला. तो 'हॅलो' म्हणायच्या आतच पलीकडून वरच्या आळीच्या तोयोनोआजींचा खणखणीत आवाज आला.

"चिसे, झालं का गं तुझं उतरवून? मग उद्या अस्वल माझ्याकडे येऊ दे. आणि पोरं हीच मागून घे हं, मेली कामाला चांगली आहेत!"