कोमट पाणी

भूकंपानं जपानमधल्या कोबे शहराच्या नागाता भागातली गल्ली आडवी केली, पण फुसाएच्या सार्वजनिक न्हाणीघराची विहीर आणि भट्टी शाबूत राहिली. दहाव्या दिवशी तिनं स्वतःच्या पडक्या घराचे वासे भट्टीत घातले. वारलेल्या नवऱ्याच्या नावाची पाटी असलेलं दार तेवढं मागं ठेवलं. न्हाणीघर उघडल्याचा निळा पडदा टांगताच राखेनं माखलेली माणसं रांगेत उभी राहिली. पाणी कोमट म्हणून तीस वर्षं तिच्याशी रोज भांडणारे सुगिताआजोबाही त्यांत होते. ढिगाऱ्यातून काढल्यापासून त्यांच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. शेजाऱ्यांनी धरून त्यांना हौदात उतरवलं. फुसाए भिंतीमागं भट्टीपाशी गेली. "फुसाए," भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला, "हे पाणी की बर्फ?" हौदात हशा पिकला. फुसाएनं डोळे पुसले आणि ते दार पाटीसकट जाळात सारलं. "थांबा, आजोबा," ती गरजली, "आज तुमची सालटीच सोलते."