उजवीकडचं दार

“मालनताई, चौथ्यांदा नापास,” तिच्या डोक्यावरचा टोप काढत प्रशिक्षक ढवळीकर म्हणाले. “वायू सुटला की डावीकडे पळायचं. उजवीकडच्या दाराला बाहेरून कुलूप असतं.”

गळतीत मेलेल्या कामगाराच्या मेंदूतून काढलेली शेवटची तीन मिनिटं हा टोप प्रत्येकाला जगायला लावी. कुलूप काढण्यापेक्षा कंपनीला हे सोपं वाटलं होतं.

तो कामगार मालनचा नवरा होता. डावीकडे वळलं की सराव तिथेच संपे. उजवीकडे वळलं तर त्याचं दार बडवणं शेवटच्या श्वासापर्यंत सोसावं लागे.

“आता चुकलात तर नोकरी जाईल, ताई.”

मालननं टोप पुन्हा डोक्यावर ओढला.

“लावा, साहेब. त्या दाराशी ते मला हाका मारतात.”