मनगटावरचा वेढा

लेम्पीने गळांच्या डबीतलं सगळ्यात जड शिसं उचललं, तसं कालेवने ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"रात्री वॉलाय मासा तळाशी नसतो. काठाच्या खडकांवर चरायला येतो. आमिषाचा तरंगता लाकडी मासा लाव. काळा घे, त्याची सावली उठून दिसते."

"मला वॉलाय नकोच आहे," लेम्पी म्हणाली.

ते कालेवला ठाऊक होतं. त्याच्या भावाची, आर्वोची, रिकामी होडी तळ्याच्या याच टोकापाशी सापडून आठवडा उलटला होता. पाणबुडे तळ धुंडाळून हात हलवत परत गेले. मिनेसोटाचं थंड पाणी बुडालेल्या माणसाला वर सोडत नाही, आणि काठाला आता बर्फाची साय धरू लागली होती. एकदा तळं गोठलं की उन्हाळ्यापर्यंत आशा सोडायची. आर्वोची ही बायको रोज अंधार पडला की इथे येऊन तळ खरवडत बसायची. कालेवला ते बघवत नव्हतं.

"एक मासा धर, रीतीने," तो म्हणाला. "मग घरी चल. चार घास खा आणि झोप."

तिने काळा मासा बांधला, गळ टाकला, आणि सवयीने दोरीचा एक वेढा डाव्या मनगटाला घेतला.

"तो वेढा काढ. हजारदा सांगितलं होतं आर्वोलाही."

"तो म्हणायचा, रात्री डोळ्यांना दिसत नाही ते मनगटाला कळतं."

"कळलं ना मग?"

बोलून गेल्यावर कालेवला स्वतःचीच लाज वाटली. लेम्पीने वेढा सोडला. त्याने दिवा मालवला.

"हळू गुंडाळ," तो नरमाईने म्हणाला. "मनाला वाटतं त्याच्या निम्म्याने. थांब. आता पुन्हा."

बऱ्याच वेळाने काठी वाकली. मासा झुंजत नव्हता, नुसता ओढीला जड होता. कालेवने दिवा लावला तशी पाण्यात दोन पांढरे डोळे पेटले. त्याने खाली जाळी धरली.

मासा पार खंगलेला होता. त्याच्या जबड्यात लेम्पीच्या गळाशेजारी आणखी एक लाकडी मासा रुतला होता. त्याचे डोळे लाल होते, लेम्पीच्या नेलपॉलिशने रंगवलेले. असे डोळे रंगवणारा या तळ्यावर एकटा आर्वो होता.

त्या लाकडी माशाची दोरी तुटलेली नव्हती. ती जाळीतून निघून काळ्या पाण्यात उतरली होती.

लेम्पीने ती हातात धरली. हातभर सैल आली, आणखी हातभर आली, मग ताणली. जरा वेळाने दुसऱ्या टोकाचं जड काहीतरी किंचित तिच्याकडे सरकलं.

"तुटेल रे," ती म्हणाली.

कालेव गुडघाभर पाण्यात उतरून तिच्याशेजारी उभा राहिला. त्याची नजर तिच्या मोकळ्या डाव्या मनगटावर गेली.

"हळू," तो म्हणाला. "मनाला वाटतं त्याच्या निम्म्याने."