भंगारातला बत्ता

अगं, मधी बोलू नको, नुसतं ऐक! काल खुटबावचा सैफ मला बघायला आला, आन् मला तर बघितल्या बघितल्या आवडला! मिलिटरीतनं रिटायर झालेल्या त्याच्या अब्बांनी तिसऱ्यांदा रस्सा घेतला. म्हणले, "मसाला कशानं कुटता?" मी हौसेनं आमच्या भंगाराच्या दुकानात घावलेला जडशीळ बत्ता दाखवला. ते ओरडलेच, "पोरी, हे टँकच्या गोळ्याचं टोक हाय, फायरिंगच्या सरावातलं! युरेनियमचं असलं तर पोटात जहर जातंय!" सगळ्यांनी ताटं सारली. म्हटलं, गेलं स्थळ! तर सैफनं माझ्याकडं बघत हळूच वाटी पुढं केली. "मला अजून वाढा." माझ्या हातात पळी तशीच! तू असती तर काय केलं असतंस गं?